इंग्रजीतील अनिश्चित उपपदाची निवड : अक्षरनिष्ठ नियमाची चिकित्सा

गोषवारा

इंग्रजी शब्दापूर्वी ‘अ’ हे उपपद यावे की ‘अन्’, हा प्रश्न शालेय स्तरावरच सुटलेला आहे असे मानले जाते. प्रत्यक्षात पदवी आणि पदव्युत्तर स्तरावरील लेखनातही या निवडीत चुका आढळतात. या चुकांचे मूळ विद्यार्थ्यांच्या दुर्लक्षात शोधण्याऐवजी वर्गात नियम ज्या रूपात सांगितला जातो त्या रूपात शोधले पाहिजे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. उपपदाचा इतिहास, संक्षेप व अंक यांच्यापूर्वीचे त्याचे वर्तन आणि मराठीतील ‘अ-’ व ‘अन्-’ या नकारार्थी उपसर्गांची वाटणी यांच्या आधारे अक्षरनिष्ठ नियमाची चिकित्सा करून, मराठी विद्यार्थ्याजवळ आधीपासून असलेल्या ध्वनिज्ञानाचा अध्यापनात कसा उपयोग करता येईल आणि त्याला कोणत्या मर्यादा आहेत, याचा येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : अनिश्चित उपपद, स्वर, व्यंजन, अंतःस्थ, उपसर्ग, देवनागरी, इंग्रजी अध्यापन.

प्रस्तावना

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय शिकवला जाऊ लागला. त्यामुळे महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी आता इंग्रजीच्या बारा वर्षांच्या अभ्यासाची पुंजी असते. तरीही त्याच्या अर्जात, निबंधात आणि पुढे संशोधन प्रबंधातही ‘अन् युनिव्हर्सिटी’, ‘अ अवर’, ‘अ एम.ए. डिग्री’ अशी रूपे आढळतात. ही चूक अर्थाचा विपर्यास करीत नाही. वाचणाऱ्याला आशय कळतोच. परंतु लिहिणाऱ्याविषयीचे मत मात्र अशाच बारीक चुकांवरून बनते. मुलाखतीच्या अर्जातील पहिल्या ओळीत चुकलेले उपपद उमेदवाराच्या संपूर्ण इंग्रजीचे, आणि पुष्कळदा त्याच्या शाळेचे व गावाचेही, मोजमाप ठरते. एका अक्षराची ही चूक म्हणूनच क्षुल्लक म्हणून सोडून देता येत नाही, आणि विद्यार्थ्याच्या माथी मारून मोकळेही होता येत नाही.

येथे एक लेखनसंकेत स्पष्ट करणे आवश्यक आहे. वर्गात या दोन रूपांचा उल्लेख सामान्यतः ‘ए’ आणि ‘अ‍ॅन’ असा होतो. सलग बोलताना मात्र, विशेष जोर द्यावयाचा नसेल तर, ती ‘अ’ आणि ‘अन्’ अशीच ऐकू येतात. प्रस्तुत लेखात ती त्याच रूपात लिहिली आहेत. हा केवळ सोयीचा भाग नाही; पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

१. पुस्तकातील नियम आणि वर्गातील नियम

भारतातील इंग्रजी अध्यापनावर ज्या व्याकरणग्रंथाचा दीर्घकाळ प्रभाव राहिला, त्या पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांच्या ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ या पुस्तकात उपपदाची निवड ध्वनीवरून ठरते हे स्पष्टपणे सांगितले आहे. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युनियन’, ‘युरोपियन’ यांसारखे शब्द ‘यू’ या व्यंजनयुक्त उच्चाराने सुरू होतात म्हणून त्यांच्यापूर्वी ‘अ’ येते, आणि ‘वन’ या शब्दाच्या आरंभी ‘व’ ऐकू येतो म्हणून तेथेही ‘अ’च येते, असा खुलासाही तेथे आहे. तेव्हा दोष प्रमाण व्याकरणाचा नाही.

वर्गात पोहोचेपर्यंत मात्र हा नियम आक्रसतो. ‘इंग्रजीत पाच व्हॉवेल्स आहेत, त्यांपैकी एखाद्याने शब्द सुरू झाला तर अन्, एरवी अ’ असे त्याचे सूत्र बनते. सूत्र पाठ करण्यास सोपे असते, फळ्यावर एका ओळीत मावते आणि रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात बऱ्याच अंशी उपयोगी पडते. त्यानंतर ‘अवर’, ‘ऑनेस्ट’, ‘युनिव्हर्सिटी’ असे शब्द ‘अपवाद’ म्हणून निराळे पाठ करून घेतले जातात.

या मांडणीत दोन मूलभूत दोष आहेत. पहिला दोष संज्ञेचा. मराठी व्याकरणात ‘स्वर’ आणि ‘व्यंजन’ ही ध्वनींची नावे आहेत. इंग्रजीच्या तासाला मात्र ‘व्हॉवेल’ म्हणजे पाच अक्षरे असे समीकरण रूढ होते. एकाच दिवशी मराठीच्या तासाला स्वर हा ध्वनी असतो आणि इंग्रजीच्या तासाला तो अक्षर होतो. या दोन संज्ञा एकमेकींचे भाषांतर म्हणून वापरल्या जात असल्यामुळे त्यांच्यातील हे अंतर विद्यार्थ्याच्याच नव्हे, तर शिक्षकाच्याही लक्षात येत नाही. दुसरा दोष ‘अपवाद’ या शब्दाचा. ध्वनीचा नियम मानला तर ‘अवर’ हा अपवाद राहत नाही. तो स्वराने सुरू होणारा शब्द आहे आणि त्याच्यापूर्वी स्वराला साजेसे उपपद आले आहे, इतकेच. ‘युनिव्हर्सिटी’चेही तसेच. जे नियमाचे शुद्ध उदाहरण आहे ते अपवादाच्या यादीत टाकावे लागते, तेव्हा तपासणी यादीची नव्हे तर नियमाची व्हायला हवी.

अक्षरनियमामुळे आणखी एक गोष्ट झाकली जाते. उपपद नामाबरोबर येत असले तरी त्याचे रूप नामावरून ठरत नाही. लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या पहिल्या ध्वनीवरून ठरते. ‘अन् अ‍ॅपल’ पण ‘अ रेड अ‍ॅपल’. ‘अ युनिव्हर्सिटी’ पण ‘अन् ओल्ड युनिव्हर्सिटी’. ‘अन् अवर’ पण ‘अ होल अवर’. नामांच्या याद्या पाठ केलेला विद्यार्थी विशेषण मध्ये आले की गोंधळतो, कारण त्याच्या मनात उपपद नामाला कायमचे चिकटलेले असते.

२. उपपदाचा इतिहास : ध्वनीची साक्ष

इंग्रजीचे अनिश्चित उपपद ‘एक’ या अर्थाच्या संख्यावाचक शब्दातून निर्माण झाले. प्राचीन इंग्रजीतील ‘आन’ हा शब्द संख्यावाचक होता. त्याच्यावरील जोर कमी होत गेला आणि तो उपपदाच्या रूपाने स्थिरावला. संस्कृत व मराठीतील ‘एक’ आणि हा ‘आन’ यांचे अंतिम मूळ भारत-युरोपीय भाषाकुलात एकाच धातुरूपापर्यंत जाते. केवळ प्रत्यय निराळे आहेत. तेव्हा मूळ रूप ‘अन्’ हे आहे आणि ‘अ’ हे त्याचे झिजलेले रूप आहे. शाळेत मात्र ‘अ’ हे मूळ आणि ‘न’ हा जोडलेला, अशी उलट समजूत होते.

मध्य इंग्रजीच्या काळात, साधारणतः बाराव्या शतकापासून, व्यंजनापूर्वी येणारा हा ‘न’ गळू लागला. स्वरापूर्वी तो टिकून राहिला. ही घटना उपपदापुरती मर्यादित नव्हती. ‘माझा’ या अर्थाच्या ‘माइन’ आणि ‘माय’ या रूपांचीही एके काळी अशीच वाटणी होती : स्वरापूर्वी ‘माइन’, व्यंजनापूर्वी ‘माय’. पुढे तेथे ध्वनीचा संबंध सुटला. उपपदात तो आजतागायत टिकला आहे.

उच्चार बदलला की उपपद बदलते, याचे पुरावे इंग्रजीच्या इतिहासात विपुल आहेत. ‘वन’ या शब्दाचा जुना उच्चार ‘ओन’च्या जवळचा होता, ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ या शब्दांत तो अजून शिल्लक आहे. त्या काळी त्याच्यापूर्वी ‘अन्’ लिहिले जाई. पुढे शब्दाच्या आरंभी ‘व’ हा ध्वनी उत्पन्न झाला. लेखन तसेच राहिले, परंतु उपपद मात्र ‘अ’ झाले. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’ या वर्गातील शब्दांपूर्वीही अठराव्या शतकातील लेखनात ‘अन्’ आढळते. त्यांच्या आरंभीचा ‘इउ’सारखा संयुक्त स्वर हळूहळू ‘यु’ झाला आणि तेथेही उपपद बदलले. इ. स. १६११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘किंग जेम्स’ बायबलमध्ये ‘हंड्रेड’ आणि ‘हाउस’ या शब्दांपूर्वी ‘अन्’ आढळते, कारण ‘ह’पूर्वीचा ‘न’ इतर व्यंजनांपूर्वीच्या ‘न’पेक्षा अधिक काळ टिकला होता. या सर्व शब्दांत अक्षर बदललेले नाही. बदलला तो ध्वनी किंवा ध्वनीविषयीची बोलण्याची सवय. उपपद दर वेळी त्यांच्यामागून गेले, अक्षराच्या मागून गेले नाही.

उपपद आणि शब्द यांचा उच्चार किती एकजीव होता, हे शब्दांच्या चुकीच्या विच्छेदावरून दिसते. स्वयंपाक करताना किंवा कारखान्यात काम करताना पुढे बांधावयाच्या वस्त्राला मूळ शब्द ‘नेप्रन’ असा होता. ‘अ नेप्रन’ हे ‘अन् एप्रन’ असे ऐकले गेले आणि ‘एप्रन’ हा शब्द जन्मला. पंचाला म्हणावयाचा ‘अंपायर’ हा शब्दही असाच आरंभीचा ‘न’ गमावून बसला. उलट दिशेनेही हे घडले : ‘अन् इकनेम’, म्हणजे जोडनाव, यातील ‘न’ शब्दाला चिकटून ‘निकनेम’ तयार झाला. ‘ऑरेंज’ हा शब्दही या मालिकेत अनेकदा सांगितला जातो. संस्कृत ‘नारंग’ आणि मराठी ‘नारिंग’ यांच्याशी त्याचे नाते निश्चित आहे. परंतु त्याचा ‘न’ इंग्रजीत येण्यापूर्वीच, युरोपातील लॅटिनोद्भव भाषांच्या प्रवासात, गळलेला होता. म्हणून इंग्रजी उपपदाच्या पुराव्यात त्याची गणना करणे योग्य ठरत नाही.

३. संक्षेप आणि अंक : अक्षरनियमाची कसोटी

अक्षरनिष्ठ नियमाचा सर्वांत स्पष्ट पराभव महाविद्यालयीन व्यवहाराच्या रोजच्या शब्दांत होतो. ‘एम.ए.’ ही पदवी इंग्रजी लिपीत व्यंजनाक्षराने सुरू होते. पण वाचताना आधी ‘ए’ हा स्वर ऐकू येतो. म्हणून ‘अन् एम.ए.’ आणि ‘अ बी.ए.’. त्याच न्यायाने ‘अन् एम.फिल.’ पण ‘अ पीएच.डी.’, ‘अन् एन.एस.एस. कॅम्प’ पण ‘अ यू.जी.सी. सर्क्युलर’, ‘अन् एम.पी.एस.सी. कँडिडेट’ पण ‘अ यू.पी.एस.सी. कँडिडेट’, ‘अन् एफ.आय.आर.’ पण ‘अ पी.आय.एल.’.

इंग्रजीच्या २६ अक्षरांची नावे देवनागरीत लिहून पाहिली, तर ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस आणि एक्स या १२ अक्षरांची नावे स्वराने सुरू होतात. उरलेल्या १४ अक्षरांची व्यंजनाने. ‘पाच व्हॉवेल्स’च्या सूत्रापेक्षा ही वाटणी पूर्णपणे निराळी आहे. तिच्यात ‘यू’ हे तथाकथित स्वराक्षर व्यंजनाच्या बाजूला जाते आणि आठ व्यंजनाक्षरे स्वराच्या बाजूला येतात.

संक्षेप अक्षरशः वाचला जातो की शब्दासारखा, यावरही निवड अवलंबून असते. ‘नॅक’ आणि ‘नेट’ हे संक्षेप शब्दासारखे उच्चारले जातात, म्हणून ‘अ नॅक रिपोर्ट’, ‘अ नेट कँडिडेट’. ‘एन.सी.सी.’ अक्षराअक्षराने वाचला जातो, म्हणून ‘अन् एन.सी.सी. कॅडेट’. इंग्रजी लिपीत तिन्हींचे पहिले अक्षर एकच आहे.

अंकांच्या बाबतीत तर अक्षराचा नियम लागूच होत नाही, कारण तेथे अक्षरच नसते. ‘८० गुणांची प्रश्नपत्रिका’ हे इंग्रजीत लिहिताना अंकापूर्वी ‘अन्’ येते, कारण वाचणारा ‘एटी’ म्हणतो. ‘१०० गुणांची’ म्हणताना ‘अ’ येते. ८, ११ आणि १८ यांच्यापूर्वी ‘अन्’, १ च्या पूर्वी ‘अ’. ११०० ही संख्या ‘इलेव्हन हंड्रेड’ अशी वाचली तर ‘अन्’, आणि ‘वन थाउजंड वन हंड्रेड’ अशी वाचली तर ‘अ’. कागदावरील चिन्ह एकच असताना वाचनाबरोबर उपपद बदलते, यापेक्षा स्पष्ट प्रमाण कोणते हवे?

४. मराठी विद्यार्थ्याजवळ असलेले ज्ञान

मराठीत उपपदाची व्यवस्था नाही. म्हणून इंग्रजी उपपद मराठी विद्यार्थ्याला सर्वस्वी परके आहे, असे गृहीत धरले जाते. उपपदाच्या अर्थाबाबत हे बऱ्याच अंशी खरे आहे. ‘अ’ आणि ‘अन्’ यांच्या निवडीबाबत मात्र ते खरे नाही. मराठी विद्यार्थी हीच वाटणी आपल्या भाषेत रोज, एकही चूक न करता, वापरीत असतो.

संस्कृतमधून मराठीत आलेला नकारार्थी उपसर्ग व्यंजनापूर्वी ‘अ-’ आणि स्वरापूर्वी ‘अन्-’ असा येतो. ज्ञान–अज्ञान, सत्य–असत्य, शक्य–अशक्य. परंतु आदर–अनादर, इच्छा–अनिच्छा, उचित–अनुचित, औपचारिक–अनौपचारिक. ‘अनेक’ हा शब्दही ‘अन् + एक’ असाच सिद्ध होतो. कोणताही मराठी भाषक ‘अआदर’ किंवा ‘अन्सत्य’ म्हणत नाही. त्यासाठी त्याला नियम आठवावा लागत नाही. दोन स्वर लागोपाठ उच्चारताना जिभेला होणारा अडथळा टाळण्याची गरज त्याच्या उच्चारातच मुरलेली असते. ‘अन् आर्ट’ म्हणताना इंग्रजी भाषक ‘अनार्ट’ असा जो सलग उच्चार करतो, त्यामागेही हीच गरज आहे.

ही तुलना जेथे नियम अवघड वाटतो तेथेच अधिक उपयुक्त ठरते. ‘य’ आणि ‘व’ यांना मराठी व्याकरण अंतःस्थ म्हणते. ते स्वरांच्या जवळचे असले तरी व्यंजनेच आहेत. म्हणून ‘योग्य’चे ‘अयोग्य’ होते, ‘अन्योग्य’ होत नाही. ‘विवेक’चे ‘अविवेक’ होते. ‘ह’च्या बाबतीतही ‘हित’चे ‘अहित’. आता इंग्रजी रूपे शेजारी ठेवावीत : अयोग्य आणि ‘अ युनिव्हर्सिटी’, अविवेक आणि ‘अ वन-अ‍ॅक्ट प्ले’, अहित आणि ‘अ हॉस्पिटल’. दुसऱ्या बाजूला अनवधान, म्हणजे ‘अन् + अवधान’, आणि ‘अन् अवर’. अनौपचारिक आणि ‘अन् ऑनेस्ट मॅन’. वर्गात जे ‘अपवाद’ म्हणून पाठ करून घेतले जातात, ते सर्व शब्द या तुलनेत नियमात बसतात.

पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात या उपसर्गाची व्यवस्था सांगितली आहे. नकारवाचक ‘नञ्’मधील ‘न’चा लोप होतो आणि पुढे ‘अच्’, म्हणजे स्वर, आल्यास ‘न’चा आगम होतो, असे तिचे स्वरूप आहे. येथे महत्त्वाचे हे की ‘अच्’ हा ध्वनींचा वर्ग आहे. लेखनातील चिन्हांशी त्याचा संबंध नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ (१८३६) आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) यांतून जी व्याकरणदृष्टी मराठी शिक्षणात रुजली, तिच्यातही वर्णविचार उच्चारावर उभा आहे. ही दृष्टी इंग्रजीच्या तासाला दाराबाहेर ठेवावी लागते, असा समज कोठेही सिद्ध झालेला नाही.

या तुलनेची मर्यादाही स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोहोंतील साम्य वाटणीचे आहे, अर्थाचे किंवा व्युत्पत्तीचे नाही. मराठीतील ‘अन्-’ नकार सांगतो, इंग्रजीतील ‘अन्’ एकत्व. संस्कृत ‘अन्-’चा इंग्रजीतील खरा सगोत्र म्हणजे ‘अनहॅपी’सारख्या शब्दांतील नकारार्थी उपसर्ग होय, आणि तो तर व्यंजनापूर्वीही आपला ‘न’ सोडीत नाही. मराठीतही ‘अनमोल’, ‘अनघड’ यांसारख्या शब्दांत ‘अन-’ व्यंजनापूर्वी आढळतो. हे शब्द तत्सम नाहीत आणि त्यांची घडण निराळी आहे. शिवाय ‘अनाथ’ आणि ‘अनीती’ यांतील ‘न’ उपसर्गाचा नसून ‘नाथ’ व ‘नीती’ यांचा आहे. ‘नाथ’ हा शब्द भाषेत जिवंत असल्यामुळे ‘अनाथ’चा विच्छेद ‘अन् + आथ’ असा कोणी केला नाही. इंग्रजीत ‘नेप्रन’ला असा आधार उरला नाही, म्हणून ‘एप्रन’ तयार झाला. तुलनेच्या मर्यादेतूनही ध्वनीचे तत्त्वच पुन्हा उजळते.

५. देवनागरी लेखनाची मर्यादा

इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की उपपद आपोआप कळते, असे वरील विवेचनावरून वाटण्याचा संभव आहे. बहुतांशी ते खरे आहे; ‘अवर’, ‘ऑनर’, ‘युनिट’, ‘अंब्रेला’ ही लेखने उपपद स्वतःच सुचवितात. परंतु देवनागरीत शब्द लिहिला जातो तो मराठी उच्चारानुसार, आणि मराठी उच्चार काही ठिकाणी इंग्रजी उच्चारापासून दूर गेलेला असतो.

याचे सर्वांत परिचित उदाहरण ‘वर्ष’ या अर्थाच्या शब्दाचे आहे. मराठीत तो ‘इयर’ असा लिहिला व बोलला जातो. नववर्षाच्या शुभेच्छा ‘न्यू इयर’च्याच असतात. त्यामुळे ‘अन् इयर’ ही चूक केवळ नवशिक्या विद्यार्थ्यांच्याच लेखनात सापडते असे नाही. प्रत्यक्षात या शब्दाच्या आरंभी ‘य’ आहे. ‘कान’ या अर्थाच्या शब्दात तो नाही. म्हणून वर्षाला ‘अ’ आणि कानाला ‘अन्’. येथे विद्यार्थ्याने उपपदाचा नियम मोडलेला नसतो. त्याने तो आपल्या उच्चारावर अचूक चालविलेला असतो. चूक दुरुस्त करावयाची ती उच्चाराची. उपपदाखाली ओढलेली लाल रेघ ही बाब विद्यार्थ्याला सांगत नाही.

उलट बाजूने, अनेक बोलींत आरंभीच्या ‘ए’पूर्वी ‘य’ आणि ‘ओ’पूर्वी ‘व’ येतो. ‘एक’चे ‘येक’ आणि ‘ओठ’चे ‘वठ’ किंवा ‘व्होट’ होते. अशा विद्यार्थ्याच्या तोंडी ‘एम.ए.’चे ‘येम.ये.’ झाले, तर त्याने त्यापूर्वी ‘अ’ लिहिणे सुसंगतच म्हणावे लागेल. ‘वारस’ या अर्थाचा शब्द अनेक जण लेखनावरून ‘हेअर’ असा वाचतात आणि त्यापूर्वी ‘अ’ लिहितात. त्याचा उच्चार ‘एअर’ आहे हे कळले की ‘अन्’ आपोआप येते. तात्पर्य, देवनागरी हे साधन प्रभावी आहे. मात्र शब्दकोशातून उच्चार पडताळून मगच शब्द देवनागरीत लिहिण्याची सवय त्यासोबत लावली पाहिजे.

६. उच्चारभेद आणि शुद्धतेचा प्रश्न

ध्वनी हा निकष मानला की एक प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो : ध्वनी कोणाचा? औषधी वनस्पती या अर्थाचा शब्द ब्रिटनमध्ये ‘हर्ब’ असा, तर अमेरिकेत ‘अर्ब’ असा उच्चारला जातो. त्यामुळे तेथे ‘अ’ आणि येथे ‘अन्’ ही दोन्ही रूपे आपापल्या जागी शुद्ध ठरतात. ‘हिस्टॉरिक’ या शब्दाबाबत तर इंग्रजी भाषकांतच मतभेद आहेत. ज्या शब्दांत पहिल्या अवयवावर आघात नसतो तेथे ‘ह’ क्षीण होतो, म्हणून त्यांच्यापूर्वी ‘अन्’ लिहिण्याची परंपरा होती. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ (१९२६) या ग्रंथात, ‘ह’ आता उच्चारला जात असल्याने ही प्रथा पांडित्यप्रदर्शनाची झाली आहे, असे मत देऊन ‘अ’चा पुरस्कार केला. तरीही ‘अन् हिस्टॉरिक’ हे रूप गंभीर लेखनातून पूर्णपणे गेलेले नाही.

‘एच’ या अक्षराचे नावही आयर्लंडमध्ये आणि अन्यत्रही ‘हेच’ असे उच्चारले जाते; असा भाषक ‘एच.एस.सी.’सारख्या संक्षेपापूर्वी ‘अ’ म्हणणार. लंडनमधील बहुवांशिक वस्त्यांतील तरुणांच्या बोलीत तर स्वरापूर्वीही ‘अ’ वापरून मध्ये कंठातील सूक्ष्म अटकाव घेण्याची लकब अभ्यासकांनी नोंदविली आहे. ‘शुद्ध’ उपपद म्हणजे आकाशातून पडलेला आदेश नव्हे. ते उच्चाराशी सुसंगत असलेले उपपद होय. याचा अर्थ परीक्षेत काहीही चालावे असा नाही. प्रमाण लेखनाला प्रमाण उच्चार आधारभूत मानावा लागेल. मात्र जेथे दोन प्रमाण उच्चार आहेत तेथे एका उत्तराला गुण आणि दुसऱ्याला शून्य देणे, हा अध्यापकाच्या अज्ञानाचा दंड विद्यार्थ्याने भरण्यासारखे आहे.

याच संदर्भात निश्चित उपपदाचे उदाहरण बोलके आहे. तेही स्वरापूर्वी ‘दी’ आणि व्यंजनापूर्वी ‘द’ असे उच्चारले जाते : ‘दी अवर’, ‘द युनिव्हर्सिटी’. तत्त्व तेच, परंतु लेखनात भेद दिसत नसल्यामुळे परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही आणि वर्गात त्याचा फारसा उल्लेखही होत नाही. जे लेखी परीक्षेत तपासता येते तेवढेच शिकविण्याच्या पद्धतीचा हा परिणाम आहे.

७. निवडीपूर्वीची निवड

रूपाच्या या चर्चेत एक अधिक मोठा प्रश्न दुर्लक्षित राहतो. ‘अ’ की ‘अन्’ हे ठरविण्यापूर्वी उपपद हवे की नको हे ठरवावे लागते, आणि मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण तेथे आहे. ‘ती डॉक्टर आहे’ या वाक्यात मराठीला उपपद लागत नाही. इंग्रजीत ते अनिवार्य आहे. ‘एक राजा होता’ या कथारंभात ‘एक’ नव्या पात्राचा प्रवेश सुचवितो आणि इंग्रजी अनिश्चित उपपदाच्या जवळ येतो; परंतु मराठीत असा ‘एक’ सर्वत्र येत नाही, आणि अनिश्चितता दाखविण्यासाठी ‘एखादा’, ‘कोणी’ असे निराळे शब्दही वापरले जातात.

गणनीयतेची कल्पनाही दोन्ही भाषांत सारखी नाही. मराठीत ‘एक सल्ला’ देता येतो. इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’ हे नाम अगणनीय आहे. अक्षरनियम अचूक पाळणारा विद्यार्थी त्यापूर्वी ‘अन्’ लिहितो. रूपाच्या दृष्टीने निवड बरोबर, आणि वाक्य चूक. ‘इन्फर्मेशन’ आणि ‘इक्विपमेंट’ या शब्दांबाबत हेच घडते. ‘रिसर्च’पूर्वी ‘अ’ लिहिण्याची सवय तर संशोधनपर लेखनातही आढळते. रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात जागा आधीच ठरवून दिलेली असते. त्यामुळे उपपदाची गरज ओळखण्याचे कौशल्य तेथे कधीच तपासले जात नाही. विद्यार्थी दहा पैकी दहा गुण मिळवितो आणि स्वतःचे पहिले वाक्य लिहिताना अडखळतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, अनिश्चित उपपदाची निवड पुढील शब्दाच्या पहिल्या ध्वनीवरून ठरते. ‘पाच व्हॉवेल्स’चे सूत्र हा नियमाचा संक्षेप नसून त्याचा विपर्यास आहे. दुसरा, तथाकथित अपवाद हे ध्वनिनियमाची नियमित उदाहरणे आहेत. त्यांच्या याद्या पाठ करून घेण्याचे कारण उरत नाही. तिसरा, मराठीतील ‘अ-’ आणि ‘अन्-’ या उपसर्गांची वाटणी विद्यार्थ्याला आधीच अवगत असल्यामुळे, साम्याची मर्यादा स्पष्ट करून, अध्यापनाचा आरंभ तेथून करता येतो. चौथा, लेखनातील चुकीचे उपपद हे अनेकदा उच्चारातील भेदाचे चिन्ह असते. म्हणून दुरुस्तीपूर्वी विद्यार्थ्याकडून तो शब्द मोठ्याने वाचून घेणे हितावह ठरेल. पाचवा, उपपदाचे रूप आणि उपपदाची गरज हे दोन स्वतंत्र प्रश्न असून मूल्यमापनात दुसऱ्याला अधिक स्थान मिळणे आवश्यक आहे. त्यासाठी रिकाम्या जागांऐवजी उपपदे वगळलेला सलग उतारा देणे, किंवा मराठी परिच्छेदाचे इंग्रजी रूपांतर करवून घेणे, हे अधिक विश्वसनीय मार्ग ठरतील.

हे बदल करण्यासाठी नव्या पाठ्यपुस्तकाची किंवा यंत्रसामग्रीची गरज नाही. मराठीच्या तासाला शिकविला जाणारा वर्णविचार इंग्रजीच्या तासाला आठवणे एवढेच अपेक्षित आहे. मातृभाषेचे ज्ञान हा इंग्रजी शिकण्यातील अडथळा आहे, हे विद्यार्थ्याच्या मनावर नकळत बिंबविले जाते. ‘अनादर’ हा शब्द बिनचूक उच्चारणाऱ्या विद्यार्थ्याला ‘अन् आर्ट’ही बिनचूक लिहिता येते, त्याला फक्त तसे सांगितले गेले पाहिजे.